टाकीच्या कपाटातलं पिंप

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी पिंप आहे. आकारानं लहानच. माणसाशेजारी उभं केलं तर त्याच्या गुडघ्याला लागेन. माझं हे लहानपण लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यापायी घडलं. आणि आणखी एक आधीच सांगून टाकतो, मी स्वभावानं घाबरट आहे. पिंपाला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. अहो, ज्याच्या पोटात दुसऱ्याची ठेव आहे आणि ज्याच्या अंगाला जागोजागी सांधे आहेत, त्याला भीती नाही वाटणार तर कुणाला वाटणार?

माझ्या फळ्या ओक नावाच्या झाडाच्या. आधी त्या द्राक्षांच्या दारूच्या एका मोठ्या पिंपात होत्या. ते पिंप म्हातारं झालं तेव्हा क्रॉमवेल गावातल्या एका कारागिरानं ते मोडलं, फळ्या आखूड केल्या, तासल्या आणि लोखंडी पट्ट्या ठोकून मला घडवलं. मग माझ्या उघड्या पोटात त्यानं चक्क जाळ केला. मला वाटलं, जन्मल्याबरोबर संपलो! पण त्या जळक्या काळ्या अस्तरानंच पुढे मला नाव मिळवून दिलं. पाण्यासारखी पांढरी दारू माझ्यात भरावी आणि काही महिन्यांनी मधाच्या रंगाची व्हिस्की बाहेर काढावी, ही किमया त्या अस्तराची. तुम्ही लहान असाल तर हे नुसतं ऐकायचं, चाखायचं नाही.

मला विकत घेतलं टुलोक भावांनी. थोरला क्लॅरी, धाकटा मर्डो. होकोनुई डोंगरांच्या पायथ्याशी, न्यूझीलंडच्या पार दक्षिणेला त्यांची वडिलोपार्जित मेंढ्यांची शेती होती आणि ओढ्याकडेला जवाचं एक लांबोडकं शेत होतं. त्याला घरात सगळे ‘लांब पट्टा’ म्हणत. त्या जवाची व्हिस्की गाळायची हा दोघांचा छंद. स्वतःपुरती गाळायला सरकारची मुभा होती, विकायची मात्र नाही. त्यांच्या आजोबांना याच डोंगरात शिपायांना चुकवून गाळावी लागे, आणि ते सांगताना दोघांची छाती अशी फुगे की जणू आजोबांनी लढाई जिंकली होती.

काम दोघांनी वाटून घेतलं होतं. जव भिजवून मोड आणायचे, वाळवून भरडायचे, गरम पाण्यात पेज करायची आणि ती आंबवायची, हे मर्डोचं. आंबवण कुठे ठेवायचं? तर घराच्या बोळात, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात. तिकडच्या घरांत टाकीला असं कपाट असतं. टाकीच्या उबेवर वरच्या फळ्यांवर चादरी, अभ्रे, टॉवेल सुके राहतात. त्या थंड मुलखात वर्षभर उबदार अशी तेवढीच जागा. मर्डोची बायको एल्स्पेथ कपाट उघडून कपाळाला हात लावायची.

“मर्डो, अभ्र्यांना पेजेचा वास येतोय. पाहुण्यांना आज उशीबरोबर चमचाही देऊ का?”

“दे की. वर साखर भुरभुर,” मर्डो म्हणायचा.

मग आंबवण शेडमधल्या तांब्याच्या भट्टीत जायचं आणि तिथून पुढे क्लॅरीच्या नाकाचं राज्य. तुमच्याकडे पहिल्या धारेची म्हणून मिशांना पीळ देणारे असतात. क्लॅरी पहिली धार सरळ फेकून द्यायचा. ती विषारी. मग धारेखाली बोट धरून हुंगायचा, पुन्हा हुंगायचा, आणि एकदम ओरडायचा, “आता! भांडं लाव!” मधली चांगली धार तेवढी घ्यायची, शेवटची ओलसर कुबट धार लागली की पुन्हा थांबायचं. मर्डोला यातलं काही कळत नसे. मेंढ्यांना औषधाच्या हौदातून बुडवून काढण्यात त्याचा जन्म गेला आणि त्या औषधात त्याचं नाक गेलं. गुलाब आणि शेण त्याला सारखंच.

भरल्यावर माझं बूच ठोकायची त्यांची एक रीत होती, वडिलांपासूनची. लाकडी हातोडीचा एक ठोका मर्डोचा, एक क्लॅरीचा. दोघांनी बंद केलेलं दोघांनीच उघडायचं. एकट्यानं बुचाला हात लावायचा नाही. आणि उघडायचं कधी, ते क्लॅरी ठरवायचा. मधूनच बुचाशी नाक नेऊन म्हणायचा, “काढू या आता, नाहीतर लाकूड डोक्यावर बसेल.” मर्डो निमूटपणे हातोडी घेऊन यायचा. असं का, हे त्यानं कधी विचारलं नाही आणि क्लॅरीनं कधी सांगितलं नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या लहानग्या पिंपात दारू झटपट मुरते आणि झटपट उडूनही जाते. मोठ्या कारखान्यांतली धिप्पाड पिंपं वर्षानुवर्षं दम धरतात, माझ्यात तेवढा दम नाही. ही साधी गोष्ट एका भावाच्या नाकात होती आणि दुसऱ्याच्या डोक्यात कधी शिरलीच नाही.

ते माझे सुखाचे दिवस. हिरवळीवर गोळे घरंगळवायला गावची मंडळी जमतात त्या बोलिंग क्लबात माझ्या व्हिस्कीची तारीफ व्हायची आणि शेडमध्ये बसून मी ती भावांच्या तोंडून ऐकायचो.

पुढे दोघांचे गुडघे गेले. मुलं शहरांत. आजूबाजूची मेंढ्यांची रानं एकेक करून दुधाच्या गाईंकडे चाललेली. क्लॅरी म्हणाला विकू, मर्डो म्हणाला मरेन पण विकणार नाही. शेवटी विकलं. मर्डोनं सही केली, पण भावाला माफ केलं नाही. लांब पट्ट्यातला शेवटचा जव त्यांनी कापला, गाळला, माझ्यात भरला आणि एकमेकांकडे न बघता बुचावर दोन ठोके मारले. त्याच आठवड्यात नव्या मालकानं पट्ट्यावर गाई सोडल्या. मर्डो शेडच्या दारात उभा राहून बघत होता.

“बघ,” तो भावाला म्हणाला, “बाबांच्या छातीवर गाई नाचवल्यास.”

क्लॅरीनं टोपी उचलली आणि गेला. दूर उत्तरेला नेल्सनला, लेकीकडे. पुन्हा आला नाही, फोनही नाही. मर्डो आणि एल्स्पेथ आपल्या घरात राहिले. तेवढं घर आणि शेड त्यांनी विक्रीतून वगळलं होतं.

आणि मी? बापजाद्यांच्या शेताचं शेवटचं पाणी माझ्या पोटात, आणि ते उघडायला लागणारे चार हात दोन टोकांना. माझी झोप उडाली ती तेव्हापासून. पहिलं वर्ष गेलं. मला कळत होतं की आता काढायला हवी. कोण सांगणार? मर्डो येई, माझ्या पाठीवर थाप मारी आणि म्हणे, “मुरू दे. जितकी जुनी तितकी भारी.”

त्याची माझ्यावर माया होती. त्या मायेनंच घात केला. एका हिवाळ्यात शेडमधला नळ गोठून फुटला. मर्डो घाबरला. “हे बिचारं थंडीनं तडकेल,” म्हणाला, आणि शेजाऱ्याला हाताशी घेऊन, दोघांनी धापा टाकत, मला कुठे आणून ठेवलं असेल? टाकीच्या कपाटात! गरम टाकीला अगदी खेटून, चादरींच्या खाली.

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर त्या दिवशी अख्खं होकोनुई गोळा केलं असतं. थंडीत मी निवांत असतो. मला भीती असते ती कोरड्या उष्णतेची. टाकी तापली की माझ्या फळ्या सुकायच्या, पोटातली व्हिस्की लाकडातून झिरपून वाफ होऊन वर जायची आणि चादरींच्या घड्यांत शिरायची. मर्डो आंघोळीला निघाला, त्याच्या सपातांचा आवाज बोळातून आला, की मी आतले घोट मोजायला लागायचो. हा माणूस गरम पाण्याचा भलता शौकीन. तो आत गाणी म्हणत अंग शेकायचा आणि इकडे त्याच्या बापाचं शेत वाफ होऊन चाललेलं असायचं. आज किती गेली? उद्या किती उरेल? क्लॅरी येईल तेव्हा बूच काढलं आणि आत काहीच नसलं तर? मला दुसरा विचारच सुचेना.

घरभर वास सुटला होता, पण ज्याचं पिंप त्यालाच नाक नाही. एल्स्पेथला वास यायचा, पण इतक्या वर्षांत त्या कपाटाला काही ना काही वास असायचाच, म्हणून तिनं मनावर घेतलं नाही. पाहुणे मात्र त्या घरात गाढ झोपायचे आणि सकाळी हवेचं कौतुक करायचे.

अखेर बिंग फुटलं ते बोलिंग क्लबच्या चहापानात. एल्स्पेथनं घरून टेबलावरची मोठी चादर नेली होती. परत आली ती तिची मैत्रीण नोएलीनला घेऊनच, आणि दोघी थेट माझ्या कपाटासमोर.

“मी सांगत्येय तुला,” नोएलीन हसून हसून लाल झाली होती, “पाद्रीबाबा तुझ्या चादरीवरचा केक सोडून चादरच हुंगत होते. पिळलीस तर पेलाभर निघेल!”

“गप गं. टाकीच्या कपाटातला वास आहे तो.”

“मग कपाटात काय आहे?”

एल्स्पेथ हसता हसता थांबली. तिनं वाकून मला पायानं जरा ढकललं. ज्या पिंपाला आणताना दोन बाप्ये धापा टाकत होते, ते मी बाईच्या एका पायानं फरशीवरून सुळकन सरकलो. तिनं माझ्या अंगावर बोटांनी ठोकलं. खाली, मग वर, मग पुन्हा अगदी तळाशी. सगळीकडून पोकळ आवाज.

“देवा रे,” ती खाली बसली. “नोएलीन, हे सगळं माझ्या चादरींत गेलंय. आणि तो माणूस रोज याच्या पाठीवर थाप मारतो.”

“सांगून टाक त्याला.”

“काय सांगू? तूच जपून जपून संपवलंस म्हणून?”

तिनं सांगितलं नाही. गुपचूप टाकीची उष्णता कमी केली. मर्डो आंघोळीहून कुडकुडत बाहेर आला, टाकीला शिव्या घातल्या आणि बटण होतं त्याहून वर चढवलं. माझी अवस्था काय झाली ते विचारू नका.

मग एका दुपारी मर्डो बाहेर गेलेला पाहून एल्स्पेथ दुकानातली व्हिस्कीची मोठी बाटली घेऊन आली. माझ्यासमोर बसली. हातात हातोडी. मी हादरलो. ती माझ्यात दुसरीच दारू ओतणार होती!

“त्याला कुठे वास येतो?” ती स्वतःशीच बोलत होती. “त्याला कळणारसुद्धा नाही.” ते खरं होतं, म्हणून तर माझा जीव जास्त टांगणीला लागला. एकदा ते दुकानातलं पाणी आत आलं असतं तर शेत कायमचं गेलं असतं आणि मी मर्डोच्या थापा खात जन्मभर खोटा बसून राहिलो असतो. तिनं बुचाला हातोडी टेकवली. बराच वेळ टेकवून ठेवली. मग खाली ठेवली.

“पण क्लॅरीला कळेल,” ती म्हणाली. “एका हुंगण्यात.”

फोन बोळातच होता. पलीकडचा आवाज मला ऐकू येत नव्हता. एल्स्पेथचा येत होता, आणि मी प्रत्येक शब्द झेलत होतो.

“क्लॅरी, मी एल्स्पेथ... नाही, तो धडधाकट आहे, तुझ्याइतकाच हेकट. पिंपाबद्दल बोलायचंय... एकट्यानं उघडायला तो तयार असता तर मी फोन केला असता का?... ऐक आधी! त्यानं ते टाकीच्या कपाटात ठेवलंय. दोन हिवाळे झाले.”

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हो, टाकीला खेटून,” ती हळू आवाजात म्हणाली. “थंडी वाजेल म्हणून ठेवलं रे त्यानं. तू येणार की नाही?... बरं.”

तिनं फोन ठेवला. ‘बरं’ म्हणजे काय? येतो की येत नाही? पुढचे आठवडे मी त्या एका शब्दावर काढले. बाहेर गाडी थांबली की कान टवकारायचे, पेपरवाला निघाला की पुन्हा तीच धाकधूक. मर्डोच्या आंघोळी चालूच.

आणि एका सकाळी दार वाजलं. मर्डोनंच उघडलं.

“तुला कुणी बोलावलं?” त्याचा आवाज चिरका झाला होता.

“बाजूला हो,” क्लॅरी म्हणाला. “थंडी आहे बाहेर.”

तो तडक बोळातून माझ्यापाशी आला. कपाट उघडलं आणि मला हात लावायच्या आधी एक अभ्रा उचलून नाकाशी धरला. डोळे मिटले.

“काय तमाशा आहे हा?” मर्डो ओरडला. “बायकांसारखे अभ्रे काय हुंगतोस? पिंपाला भेटायला आलास ना? भरलेलं आहे ते, काठोकाठ! मी डोळ्यांत तेल घालून राखलंय.”

“ठोकून बघ.”

“कशाला ठोकू?”

“ठोक म्हणतो ना, मर्डो.”

मर्डोनं ठोकलं. मित्रांनो, तो आवाज मी थांबवू शकलो असतो तर थांबवला असता. त्यानं वर ठोकलं, खाली ठोकलं, मग दोन्ही हातांनी मला उचललं. कपाटात आणल्यापासून, पाठ दुखते म्हणून, त्यानं मला कधी उचलून पाहिलं नव्हतं. मी त्याच्या हातात रिकाम्या टोपलीसारखा अलगद वर आलो. तो मला घेऊन तिथेच फरशीवर बसला.

“थंडी वाजेल म्हणून,” तो म्हणाला. “मीच ठेवलं रे. थंडी वाजेल म्हणून.”

आता क्लॅरी बोलणार, मला वाटलं. गाईंवरून ऐकलेलं सगळं आता व्याजासकट परत करणार. एल्स्पेथनं पदरासारखा एप्रन तोंडाशी धरला होता.

“गाढवा,” क्लॅरी म्हणाला आणि कण्हत कण्हत गुडघे वाकवून त्याच्या शेजारी बसला. “पंधरा महिन्यांतच काढायची असते ती. मी कधी सांगितलं नाही तुला. मला वाटायचं, सांगितलं तर माझी गरज काय उरली? हातोडी आण गं, एल्स्पेथ.”

दोघांनी मिळून बूच काढलं आणि मला पार उलटं केलं. जेमतेम एक कप निघाला. काळा कोळ, गाळ तळाशी. क्लॅरीनं घोट घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. मर्डोनं घेतला. नाक नसलेल्याला चव ती काय? त्याला नुसती आग लागली.

“कशी आहे?” त्यानं विचारलं. “खरं सांग.”

“कुंपणाचा खांब चावल्यासारखी.”

“मग गेलं तर. लांब पट्टा गेला.”

“गेला नाही.” क्लॅरीनं तो अभ्रा भावाच्या मांडीवर ठेवला. “या सगळ्यांत आहे. प्रत्येक चादरीत. कापणीच्या दिवशी, ऊन उतरल्यावर पट्ट्यावर जसा वास यायचा ना, तसाच. ओढ्याकडचा ओलावासुद्धा आहे त्यात.”

मर्डोनं अभ्रा तोंडावर दाबला. जोरजोरात श्वास घेतले. मग खाली केला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“म्हणजे दोन वर्षं मी रोज रात्री आपल्या शेतात झोपत होतो,” तो म्हणाला, “आणि मला पत्ताच नाही.”

क्लॅरीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, अगदी मर्डो माझ्या पाठीवर ठेवायचा तसा.

रिकामं पिंप सुकलं की फळ्या आकसतात आणि त्याचं नंतर सरपणच होतं, म्हणून त्या दिवशी माझी भीती संपली असं समजू नका. पण दोघांनी मला शेडमध्ये नेलं, पाण्यानं भरलं. मी सगळ्या सांध्यांतून गळलो, लाज वाटावी इतका गळलो. ते पुन्हा पुन्हा भरत राहिले आणि हळूहळू माझ्या फळ्या फुगून एकमेकींना धरायला लागल्या. क्लॅरीनं मुक्काम वाढवला. लांब पट्ट्याचा नवा मालक गाईंच्या खाद्यासाठी तिथेच जव पेरतो, हे मर्डोला माहीत होतं, पण इतकी वर्षं त्यानं तिकडे पाहायचंच टाळलं होतं. दोघं भाऊ टोप्या हातात घेऊन त्याच्या दारात गेले. त्यानं एक पोतं दिलं आणि आंबवण कसं करतात ते बघायला स्वतःच येऊन बसला.

आता मी शेडच्या थंड कोपऱ्यात असतो. बुचावरचे ठोके दोनच आहेत, पण करार बदललाय. दर कापणीला क्लॅरीनं यायचं, आणि जे काही आत असेल ते त्याच दिवशी काढायचं, बरं असो वा वाईट.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठे तरी जपून ठेवलेलं काही असेल. कुणी तरी आलं की उघडू, कुणाशी तरी बोलणं झालं की काढू, म्हणून ठेवलेलं. त्याला उबेत ठेवून विसरू नका. अधूनमधून बोटानं ठोकून बघा. आणि आवाज पोकळ वाटला, तर हेका सोडून फोन करा. तेवढी माझी विनंती आहे.

यंदाची कापणी झाली आहे. क्लॅरी अजून आलेला नाही. घाटात बर्फ लवकर पडला म्हणतात, आणि त्याचं वयही आता गाडी हाकायचं राहिलेलं नाही, त्यामुळे माझा जीव पुन्हा वरखाली होतोय. मघाशी एल्स्पेथ पाहुण्याच्या खोलीसाठी धुतलेल्या चादरी घेऊन जाताना शेडमध्ये डोकावली. माझ्या अंगावर टकटक केलं. आवाज भरीव आला. चादरींना नुसता साबणाचा वास येत होता.